कॉम्प्युटरसाठी घातलेलं गाऱ्हाणं

३१ डिसेंबर १९९९, दिवेलागणीची वेळ. लालबागच्या चाळीत आमच्या गॅलरीत आई, मी, शेजारचे तात्या आणि मजल्यावरची दहा-बारा माणसं. पाटावर एक नारळ, शेजारी जळता कापूर. हे आठवायचं कारण, आता इतक्या वर्षांनी, परवा माझी मुलगी म्हणाली, "बाबा, हे एआय एक दिवस हाताबाहेर जाणार. झोप लागत नाही." तेव्हा देवापुढे कापूर जळत होता, आणि त्या वासाने ती संध्याकाळ समोर आली.

बारा वाजले की कॉम्प्युटर सालातली शून्यं पाहून गोंधळणार, विमानं पडणार, असं जो तो सांगत होता. माझा धाकटा भाऊ विजू नेमका त्याच रात्री दुबईहून विमानाने येणार होता. आई सकाळपासून पाणीही प्यायली नव्हती. शेवटी तात्यांनी कोकणातल्या गावच्या रीतीने देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं.

"बा देवा म्हाराजा, त्या कॉम्प्युटरात शून्यांचो जो काय घोळ झालो आसा, तो दूर कर."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"आमच्या विजूक सुखरूप घराक हाड. तो इलो की ह्यो नारळ तुझो."

"व्हय म्हाराजा."

मी हळूच विचारलं, "तात्यानू, देवाक कॉम्प्युटर कळता?"

"तुका कळता?"

सगळे हसले. आईही हसली, आणि तिने पाणी मागितलं. तेव्हा मला फक्त तात्यांची गंमत वाटली होती. आईची भीती सैल झाल्याचं सांगणारं ते पाणी मला आता, मुलीची भीती ऐकल्यावर, दिसतं.

सकाळी विजू बॅग घेऊन जिना चढून आला. नारळ त्यानेच फोडला. एक वाटी देवाला दिली, दुसरी तात्यांना.