रॅम तपासणाऱ्या कुंदाताई

येडगावच्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुंदाताई मशीन उघडण्याआधी हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या आणि मालकाला विचारायच्या, "शेवटचा हात कुणी लावला व्हता?" या प्रश्नाला भल्याभल्यांची बोबडी वळायची. माझीही वळली.

पिंपरी पेंढारला माझं लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान. मशीन जलद चालावं म्हणून मी अतिशहाण्याने जुन्या रॅमशेजारी, म्हणजे मेमरीच्या पट्टीशेजारी, दुसरी पट्टी स्वतःच बसवली. तेव्हापासून मशीन मनात येईल तेव्हा बंद पडायचं आणि आपोआप सुरू व्हायचं. समोर नवरीचे वडील रामभाऊ पत्रिकेसाठी ताटकळलेले. ताईंना बोलावलं, त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मी चाचरत सांगितलं, "कुणीच हात लावला नाही. लाइटच कमीजास्त होते."

ताईंनी झाकण काढलं. नव्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रामभाऊंदेखत एवढंच म्हणाल्या, "मशीनचं बी वय व्हतं, भाऊ." माझी लाज त्यांनी राखली.

मग त्यांनी एकेक पट्टी लावून तपासणी चालवली. एकेकटी दोन्ही पास. जोडीने लावल्या की पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी. पट्ट्यांचा वेग कमी करून पाहिला, तरी तासाभराने एक ओळ आलीच.

"एकच तर आहे, चालेल की," मी म्हणालो.

"न्हाई चालायचं. अर्धवट बरं झालेलं मशीन लई फसवतं. बंद पडलेलं परवडलं." नवी पट्टी कागदात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. जाताना म्हणाल्या, "छापायच्या आधी पावण्यांच्या कागदाशी ताडून बघा. येक येक नाव."

रामभाऊ कागदावरून वाचत गेले, मी पडद्यावर बोट फिरवत गेलो. निमंत्रकांत त्यांची बहीण सखूबाई नव्हती. आईवेगळ्या नवरीला हिनेच वाढवलेलं. तिचं नाव मी आदल्या दिवशी घातलं होतं. मशीन मध्येच बंद पडलं आणि पुन्हा उघडली ती जुनीच फाइल. रामभाऊंचा चेहरा उतरला. मग मला राहवेना. पट्टी मीच बसवली होती, हे मी त्यांना सांगून टाकलं.

"ऱ्हाऊ द्या राव," ते म्हणाले, "छापायच्या आधी घावलं ना."

कुंदाताई आता नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझं दुकान वाचवलं असं लोकांना मी सांगतो, पण खरं वाचलं ते वेगळंच. पत्रिका न्यायला सखूबाई स्वतः आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "माजं नाव कुटं हाय?" त्यांनी विचारलं. मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते कितीतरी वेळ उचललंच नाही.