गुरुवारचा पाहुणा

आमच्या मयूर विहारमधल्या सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याचे नाव मी संकोचापोटी कधी विचारले नाही. येणाऱ्याला तो आधी पाणी विचारी, मग काम. लग्नावरून वडिलांनी ज्याच्याशी संबंध तोडले होते, तो माझा धाकटा भाऊ दर गुरुवारी, वडील भजनाला गेले की, आईला भेटायला येई. हे पहारेकऱ्याला ठाऊक होते.

पुढे सुरक्षेसाठी समितीने ॲप आणले. पाहुण्याचा फोटो फाटकावरूनच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर जाऊ लागला, अर्थात वडिलांच्याही. पहिल्या गुरुवारी मी धास्तावून मोबाइल पाहिला, तर त्यावर पहारेकऱ्याचाच गंभीर चेहरा होता. भाऊ तोवर वर येऊन आईजवळ बसला होता.

मी चाचरत विषय काढला, तेव्हा पहारेकरी म्हणाला, "देखता तो मैं भी सब हूँ, साहब. बस, किसी को भेजता नहीं."

वार्षिक सभेत ॲपचे फार कौतुक झाले. एकही अनोळखी चेहरा आत आला नव्हता.

वडिलांनी मात्र एका गुरुवारी भजनाला निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हटले, "तो पहारेकरी दर आठवड्याला तुझ्या आईला भेटायला येतो ना, त्याला म्हणावं, मी परत येईपर्यंत थांबत जा."