एकटेपणाचा फॉर्म

ऑनलाइन सर्व्हे करणाऱ्याकडे डेटा कमी आणि किस्से जास्त साठतात, हे मला पालघरला सायकॉलॉजीचं एम.ए. करताना कळलं. माझा विषय होता एकटेपणा. साठ चांगले फॉर्म आल्याशिवाय आमच्या मॅडम प्रोजेक्टवर सही करणार नव्हत्या. मी लिंक सगळीकडे पाठवली आणि तेव्हापासून डोकं जे चक्रावलंय ते अजून थाऱ्यावर नाही.

*

बोईसरच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरने तासाभरात चाळीस फॉर्म भरून घेतले. मी खूश! उघडून बघतो तर चाळीसही जणांची उत्तरं तंतोतंत एकच. फोन केला.

"सर, मैंने एक भरा, बाकी सबको वही कॉपी करवाया. ऑडिट में सबका सेम होना चाहिए ना?"

मी एक ठेवला आणि एकोणचाळीस उडवले.

*

केळव्याच्या एका काकू घरीच पाहुण्यांची राहायची सोय करतात. त्यांनी लिंक पाहुण्यांना पाठवली. 'मला रात्री झोप लागत नाही' याला सगळ्यांनी पाचपैकी पाच दिले. एकाने खाली लिहिलं, 'वाडी सुंदर, डास फार.'

हे नैराश्य की डास, ते मॅडमनाही ठरवता येईना.

*

फॉर्मवर पहिलीच सूचना होती : 'एकट्याने बसून भरावा.' डोंगराकडच्या पाड्यावर राहणाऱ्या माझ्या वर्गमित्राने ती मनापासून पाळायची ठरवली.

"अरे, मी एकटा माळावर निंगालो, तं सगला पाडा मागं आला. याला काय झालं म्हनून."

शेवटी 'तुम्हाला एकटं वाटतं का?' यावर तिथे हात वर करून मतदान झालं.

*

शिरगावहून मात्र रोज दुपारी एक फॉर्म यायचा. वय बासष्ट, घरात माणसं एक. उत्तरं रोज वेगळी. 'आणखी काही सांगायचं आहे?' या चौकटीत कधी 'आज बोंबील आनले', कधी 'आज मुलाचा फोन आला', कधी 'आज काय नाय'.

मॅडम म्हणाल्या, "एका माणसाचा एकच फॉर्म धर." माझे एकोणसाठ झाले होते, साठावा हाच. पण यातला खरा कोणता? शेवटी वैतागून 'आज काय नाय' ठेवला, बाकीचे उडवले आणि लिंक बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फॉर्मवर दिलेल्या माझ्या नंबरवर फोन आला.

"शिरगाववरनं बोलते. तुमचा फॉर्म बंद हाय."

"हो मावशी, झालं ते काम."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. "मंग परत कितीला उघडता?"