जुन्या डिस्कवरचे लोणचे

आमच्या वृत्तपत्राच्या जाहिरात विभागातील एक सहकारी दुपारी थेट माझ्या टेबलाशी आल्या. बजाजनगरच्या त्यांच्या घरी कैऱ्या चिरून ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी लोणचे घालायचे होते. गेल्या वर्षीच्या बरणीला बुरशी आली होती. यंदा तसे होऊन चालणार नव्हते. सिल्लोडच्या सासूबाईंना प्रमाण विचारले की उत्तर एकच : अंदाजानं घाल. मात्र याच सासूबाईंची पाककृती आमच्या महिला पुरवणीत पूर्वी छापून आली होती आणि तेव्हा पुरवणीने वाटीचे माप मागून घेतले होते.

जुन्या अंकांचा आणि पुरवण्यांचा मजकूर माझ्याकडच्या एका हार्ड डिस्कवर आहे. ती जोडून मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि आधी फाइलींच्या नावांत ‘लोणचे’ शोधले. काही आले नाही. तेव्हाचे ऑपरेटर फाइलला विषयाचे नाव देतच नसत. ती पानावर कुठे जाणार ते लिहीत. पान तीन खाली, पान दोन चौकट. मग मजकुरात ‘कैरी’ शोधली. तिथेही शून्य.

“एवढ्या वर्षांत आपल्या पेपरात कैरी एकदाही आली नाही?” सहकारी म्हणाल्या.

आली होती, पण जुन्या फाँटमध्ये. त्यात पडद्यावर मराठी दिसते, फाइलीत मात्र इंग्रजी अक्षरे आणि खुणा साठवलेल्या असतात. जुन्या संगणकावर त्याच फाँटमध्ये ‘कैरी’ टाइप करून मग फाँट इंग्रजी केला, तेव्हा डॉलरच्या खुणेसकट काही अक्षरे उमटली. तीच शोधायला दिली. गारपिटीने कैऱ्या झडल्याच्या बातम्यांची रांग लागली. त्यांतून मोहरीचा उल्लेख असलेल्या फाइली मागितल्या, एकच उरली. तिचे नाव होते, ‘जाहिरात आली तर हा मजकूर काढणे’.

“म्हणजे आमच्या विभागाने काम केलं नाही म्हणून आई छापून आल्या,” सहकारी म्हणाल्या.

तिथूनच त्यांनी सासूबाईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि प्रमाण वाचायला घेतले. मिठापाशी पलीकडून थांबवण्यात आले.

“अर्धी वाटी? नाय नाय. दीड वाटी. पेपरवाल्यांनी तवाबी चुकीचंच छापलं व्हतं.”

मग त्यांनी मोहरी, मेथी, हिंग, तेल, सगळेच वाटी-चमच्याने सांगितले. पुरवणीचे एकही माप त्यांना मान्य नव्हते.

बुरशी आली नाही. दिवाळीच्या सुमारास त्या लोणच्याची एक फोड माझ्याही डब्यात पडली. मीठ बरोबर होते.