मोजलेली विहीर

निवृत्तीनंतर बाईनं देवधर्म करावा किंवा नातवंडं सांभाळावीत. मला दोन्हींचा कंटाळा, म्हणून मी तरुण उद्योजकांच्या शिबिरात मार्गदर्शक झाले. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी मालाच्या तपासणीत काढली होती. 'अंदाजे' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. मोजा, लिहा, सही करा. याच जोरावर मी भल्याभल्या पुरवठादारांना रडवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

शिबिर छावणीजवळच्या एका सभागृहात आठ रविवार चालायचं. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. शहरात नळाला आठवड्यानं पाणी येई, तरी बीड बायपासच्या बाजूला नव्या इमारती उठतच होत्या, आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत हिरवळ असे. माझ्या गटात पाच जण होते. चौघांना अ‍ॅप काढायचं होतं, कशाचं ते अजून ठरायचं होतं. पाचवी अजिंठ्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून एसटीनं यायची. शहरातल्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला रोपवाटिका काढायची होती. "दुष्काळात झाडं कोण घेणार?" असं मी खवचटपणे विचारलं, तर म्हणाली, "गावातले नाय घेत, मॅडम. पण इथल्या सोसायट्या घेत्यात." मुलगी मला तिथंच आवडली.

अडचण एकच होती. शेवटच्या रविवारी बक्षिसासाठी योजना परीक्षकांपुढं मांडायची होती, आणि ते पहिला प्रश्न पाण्याचा विचारणार. तिच्या गावाबाहेर बौद्ध वस्ती आहे, तिथं ती राहते. वस्तीची स्वतःची विहीर आहे, तिच्या आजोबांच्या पिढीनं खणलेली. ती कधी आटली नाही, एवढं तिच्या बोलण्यातून कळलं. पण किती पाणी आहे विचारलं की पोरगी विषय बदलायची. शेवटी म्हणाली, "मॅडम, आमच्यात रीत हाय. विहिरीचं कुणी विचारलं तर तळ दिसाया लागला असंच सांगायचं. पान्यानं काठोकाठ भरली असली तरी."

मला हसू आलं. मी म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची हे घरात ठीक आहे, बाई. धंद्यात मूठ उघडून दाखवावी लागते."

"आजी म्हणती, पूर्वी आमच्या विहिरीला गावातलं कुणी शिवत नव्हतं. आता पाणी हाय असं कळलं की पाइप घेऊन येत्यात."

हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. तरी पुढच्या रविवारी मी तिला सुतळीचा गुंडा दिला, टोकाला दगड बांधायला सांगितला आणि रोज सकाळी मोजून वहीत लिही म्हणून बजावलं. माझे वडील कचेरीत कारकून होते. आमच्या घरात खरं बोलण्यानं कधी कुणाचं काही गेलं नव्हतं, त्यामुळे खरं बोलायला पैसे पडत नाहीत असं मी आयुष्यभर समजत आले. तिनं आठवडाभर टाळाटाळ केली, मग मी चिडले. म्हटलं, "एवढी भीती असेल तर रोपं विकायचा नाद सोड." त्यानंतर तिनं मोजलं. महिनाभराचे आकडे एका तक्त्यात आले, शेजारी विहीर कुठं आहे त्याचा नकाशा आला. तोही माझ्याच सांगण्यावरून.

शेवटच्या रविवारी तीन परीक्षक होते. एक बँकेतले, एक प्राध्यापक आणि तिसऱ्यांचे टँकर नव्या वसाहतींना पाणी पुरवत. तिसऱ्यांनी तिला सगळ्यात जास्त प्रश्न विचारले. पातळी उन्हाळ्यात किती उतरते? शेजारचं शेत कुणाचं? ती प्रत्येक प्रश्नाला न अडखळता उत्तर देत होती आणि मी मागच्या रांगेत बसून फुगत होते. तिला पहिलं बक्षीस मिळालं. तक्त्याची एक प्रत तिसऱ्या परीक्षकांनी मागून घेतली. मीच दिली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. "मॅडम, विहिरीशेजारच्या शेतात बोअरची गाडी आलीय. त्याच टँकरवाल्या सरांची हाय."

मी त्यांना फोन केला. ते अतिशय नम्रपणे बोलले. "शेतमालकानं शेत राजीखुशीनं वापरायला दिलं, मॅडम. बेकायदा काय केलं तेवढं सांगा." पुरवठादारांना रडवणारी मी 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. शिबिराच्या आयोजकांना भेटले, तर ते म्हणाले की हा त्या परीक्षकांचा खाजगी व्यवहार आहे. होळी यायच्या आत विहिरीत सोडलेला दगड कोरडा वर येऊ लागला. रोपवाटिकेचं नाव मग कुणी काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी आयोजकांनी पुन्हा बोलावलं. मी गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे ठणठणीत होते. त्यानंतर आठवड्याभरात मनाचा हिय्या करून मी एसटीनं तिच्या गावी गेले. कॉलेजचा वार होता, तरी ती घरीच सापडली.

"सरकारी टँकर सकाळी येतो," ती म्हणाली. "कॉलेजची गाडीबी सकाळचीच. आई कामाला जाती, आजीला हंडा उचलत नाय."

मी म्हटलं, माझ्याकडं एक खोली रिकामी आहे, येऊन राहा, वर्ष पूर्ण कर. तिनं शांतपणे विचारलं, "मंग हितं लाइनीत कोन उभं राहील?" तेवढ्यात टँकर आल्याची ओरड झाली. मला "बसा" म्हणून ती हंडे घेऊन पळाली.

तिची आजी दारात बसून होती. म्हणाली, "तुमच्यावर पोरीचा राग नाय, बाई. ती म्हणती विहिरीचं बोलले ती मीच. वस्तीतबी समदे तिलाच बोलत्यात."

ते ऐकून मला बसवेना. मी उठून टँकरपाशी गेले. बायकांची झुंबड होती, ती मधेच कुठंतरी वाकून हंडा भरत होती. मी मोठ्यानं सांगितलं की विहीर मोजायला तिला मी लावलं, नकाशा मी काढायला लावला, तिचा काही दोष नाही. दोघी-तिघींनी मान वळवून पाहिलं.

"बाजूला व्हा, बाई," त्यातली एक म्हणाली. "पाइप वढायचाय."