तहकूब सभेचं आवतण

एक मे, सकाळी दहा. ग्रामपंचायतीचं सभागृह. उपस्थित : सरपंचबाई, त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून त्यांचे यजमान, सगळे ज्यांना भाऊसाहेब म्हणतात ते ग्रामसेवक, पंख्याखाली डुलकी घेणारे एक आजोबा, मी, आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले माझ्या नवऱ्याचे मामा. अनुपस्थित : बाकीचं गाव.

विचारल्याशिवाय झाडाचं पानही हलू नये, असं मनापासून मानणारा माणूस अर्नाळ्यापासून उमेळ्यापर्यंत एकच आहे आणि तो आमच्या वाट्याला आला आहे. "कोणाला विचारून?" हे मामांचं वाक्य गावातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. शेजाऱ्याने स्वतःच्या गेटाला स्वतःच्या पैशाने निळा रंग दिला, तेव्हाही मामा हजर. तो म्हणाला, "मामा, गेट माझं आहे." मामा म्हणाले, "गेट तुझं, पण रोज बघायचं आम्हाला." पुतण्याच्या लग्नात त्यांनी बँडवाल्याला गाणं बदलण्याआधी वऱ्हाडाचं मत घ्यायला लावलं. वरात चौकात थांबली, मतं दोन्हीकडे सारखी पडली आणि नवरदेव घोड्यावर बसल्या बसल्या घामाने भिजला. शिट्टी आहे ती कबड्डीच्या पंचगिरीपासूनची. पंचगिरी सुटून काळ लोटला. शिट्टी वाडीत केळी कापतानाही गळ्यात असते. मैदानात सात माणसं आहेत का हे पाहिल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही, ही सवय मात्र त्यांनी पुढे सगळ्या आयुष्याला लावली. जेवणाच्या पंगतीलाही घरातली निम्मी माणसं बसली नसतील तर मामा घास उचलत नाहीत. भात निवतो, मामी तापतात.

मामी त्यांना पुरून उरल्या आहेत. घरात फ्रिज घ्यायचा होता आणि मामांचं म्हणणं होतं की एवढा खर्च घरसभेत मंजूर व्हायला हवा. मामींनी एका दुपारी सभा बोलावली. मामा वाडीत, मुलगा वसईला, सून माहेरी. कोणीच आलं नाही म्हणून मामींनी सभा तहकूब केली, पाच मिनिटांनी पुन्हा भरवली आणि फ्रिज मंजूर करून टाकला. संध्याकाळी मामांनी विचारलं, "कोणाला विचारून?" मामी म्हणाल्या, "तहकूब सभेला माणसं लागत नाहीत, हे तुम्हीच सांगता ना गावभर?" मामांनी गार पाण्याचा पेला संपवला. मग म्हणाले, "नियमात बसतंय."

मामींची ही युक्ती गावात कितीतरी वर्षं चालत होती. पंचायतीने पैसा कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने, म्हणजे आपण सगळ्यांनी बसून ठरवायचं असतं. पण सभेला पुरेशी माणसं येत नाहीत. मग सभा तहकूब होते, आठ दिवसांनी पुन्हा भरते, आणि त्या दुसऱ्या सभेला चार डोकी असली तरी चालतात. तिथे भाऊसाहेब यादी वाचतात, चार डोकी हलतात, गटार मंजूर, रस्ता मंजूर. कोणी चोर नव्हतं हो. भाऊसाहेबांकडे तीन गावांचा कारभार. लोक येत नाहीत तर ते तरी काय करणार? ग्रुपवर नोटीस टाकली की पन्नास अंगठे येतात. मामा म्हणायचे, "अंगठा आला, माणूस कुठाय?"

त्या एक मेला यादीत एक काम होतं : वेशीजवळचं बावखल बुजवून तिथे पेव्हर ब्लॉक, बाकं आणि फोटो काढण्यासाठी कमान. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं खणलेलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात मुरतं, म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आजूबाजूच्या विहिरी खारट होत नाहीत. मामांची विहीर त्याला लागूनच. ते बुजलं तर त्यांची केळी दोन-तीन वर्षांत करपणार हे ते जाणून होते, पण विहिरीचं नावही त्यांनी काढलं नाही. "कमानीचं कोणाला विचारून ठरलं?" एवढंच विचारलं. उत्तर सरपंचबाईंच्या यजमानांनी दिलं. तेवढ्यात शिट्टी वाजली. "बाहेरचा खेळाडू मैदानात," मामा म्हणाले. आजोबा दचकून जागे झाले, यजमानांनी खुर्ची मागे नेली, आणि सरपंचबाई पदराआड हसल्या असं मला तरी वाटलं. पण हसून काय होणार? माणसं नव्हती. सभा तहकूब झाली. पुढची आठ दिवसांनी.

बाहेर येऊन मामा पायरीवर बसले. मी वालीवच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. काम दिसलं की माझ्या हातात यादी तयार होते. मी म्हटलं, "मामा, पत्रकं छापू, रिक्षा फिरवू." ते म्हणाले, "पत्रकाला कोण भीक घालतंय? मे महिना आहे. माणसं कशाला घराबाहेर पडतात सध्या?"

"लग्नाला."

"का?"

"आवतण असतं म्हणून."

मामा उठले ते थेट मामींकडून पानसुपारीचं ताट घ्यायलाच. आमच्याकडे घरी येऊन आवतण दिलं की त्या घरातलं एक माणूस तरी जायलाच हवं, नाही तर उद्या आपल्या दारी कोण येणार? आठ दिवस मामा ताट घेऊन दारोदार फिरले, कामावरून सुटले की मीही त्यांच्याबरोबर. वाड्या झाल्या, चर्चमागची आळी झाली, नव्या बिल्डिंगमधली बिऱ्हाडं झाली. खालच्या आळीत, सुकत घातलेल्या बोंबलांमधून वाट काढत आम्ही एका मासेवाल्या काकींच्या दारात उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "पोरगी कोनाची?"

मामा म्हणाले, "पोरगी नाय, बावखल."

काकींनी सुपारी उचलली. "मंग येते. जेवन हाय ना?"

"जेवण दिलं तर लाच होईल."

"अगं बाय," काकी मला म्हणाल्या, "म्हातारा सुधारला नाय."

सभेच्या दिवशी मी नऊलाच गेले आणि दारातच थबकले. सभागृहात बायका बसल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे विळी होती. आवतण आलं की आदल्या वेळेला भाजी चिरायला जायचं, हा हाडीमासी खिळलेला रिवाज. जेवण नाही म्हणून सांगितलं होतं, पण त्यावर विश्वास कोण ठेवणार? पुरुष मंडप शोधत मागच्या बाजूला फिरत होते. दहाला भाऊसाहेब आले, विळ्या पाहिल्या आणि हळूच मला म्हणाले, "ताई, मोर्चा आहे का?"

माणसं व्हरांड्यापर्यंत दाटली. नेहमी सही करून सटकणारेही अडकले, कारण दारात शिट्टी घेऊन मामा उभे होते. कितीतरी वर्षं ज्या गर्दीची वाट पाहिली ती समोर होती, आणि मामांचं सगळं लक्ष ती मोजण्यात. भाऊसाहेबांनी बावखलाचा विषय वाचला तेव्हा ते तिसऱ्यांदा मोजत होते. मी खुणा करतेय, मामा बोटं दुमडताहेत. भाऊसाहेब म्हणाले, "हरकत नसल्यास मंजूर."

तेव्हा पुढच्या रांगेतून, विळीवरून, काकींचा आवाज आला. "कोनाला इचारून?"

सभागृह हसलं, आणि मग हसायचं थांबलं. काकी म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी पानी त्याच बाजूच्या विहिरीचं भरते. कमान प्यायची काय मी?" मग चर्चमागच्या आळीतले एक मास्तर उठले, बिल्डिंगमधली एक सून उठली. यजमान काही बोलायला निघाले, तर सरपंचबाईंनी न वळताच हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हणाल्या, "मी बोलते." ठराव झाला : बावखल बुजवायचं नाही, गाळ काढायचा, जुन्या पायऱ्या नव्याने बांधायच्या, आणि सभेने निवडलेल्या तिघांनी काम पाहिल्याशिवाय बिल द्यायचं नाही. तिघांत मामा, काकी आणि मी. भाऊसाहेबांनी मोकळ्या आवाजात ठराव वाचून दाखवला. पहिल्यांदाच त्यांचं कोणीतरी ऐकत होतं.

मामांनी शिट्टी वाजवली नाही. दाराच्या चौकटीला टेकून ते डोळे पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले, "कांदा चिरतंय कोणीतरी."

पावसाआधी गाळ निघाला. पायऱ्या अर्ध्या झाल्या आहेत, उरलेल्या पाणी ओसरल्यावर. गेल्या आठवड्यात मी गेले तर मामा ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत होते आणि पानसुपारीचं ताट घासून माझ्यासाठी ठेवलेलं होतं. "पंधरा ऑगस्टची सभा आली," ते म्हणाले. "या वेळी आवतण तू द्यायचं."

"हे कोणाला विचारून ठरलं?"

मामांनी तेलाची वाटी खाली ठेवली. "तेच तर," ते म्हणाले. "तुला विचारतोय."

ताट आता माझ्या हातात आहे. वाड्या झाल्या, चर्चमागची आळी झाली, बिल्डिंगी झाल्या. खालची आळी राहिली आहे.