टॉवेलाखालचा भाव

इस्लामपूरच्या स्टँडमागं भाईंचं व्हिडिओ गेमच्या मशीनचं दुकान आहे. मी रिमोट दुरुस्तीला म्हणून जातो आणि चहा पिऊन येतो. मंदीत गिऱ्हाईक आटलं, तसा हीच मशीनं विकणारा समोरचा दुकानदार भाईंचा भाव कान देऊन ऐकायचा आणि थोडा उतरवून सांगायचा. भाईंचे वडील बैलबाजारात दलाली करायचे. तिथला सौदा बोलून नाही, कापडाखाली बोटं दाबून होतो. भाईंनी दुकानात टॉवेल घेऊन तेच सुरू केलं. कॉलेजची पोरं आधी लाजली, आता आपणहून टॉवेलाखाली हात घालतात.

परवा समोरचा स्वतःच आला. त्याच्या लेकीला हवं ते मशीन त्याच्याकडं संपलं होतं. भाईंनी हातावर टॉवेल टाकला. बराच वेळ बोटं चुकतमाकत चालली. दोघंही हसू दाबत होते. शेवटी तो खोकं घेऊन गेला.

"कितीला दिलं, भाई?"

"टॉवेलाखालचं भाईर काढत न्हाईत, गड्या."

आज समोरच्याच्या खांद्यावरही कोरा टॉवेल दिसला. मी भाईंकडं बघितलं.

"मीच दिलाय," ते म्हणाले. "बोटं शिकाय सांजचा हिकडंच येतोय."